आई-बाबांच्या दोन फायली

२०२२ च्या मार्चमध्ये मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आई-बाबांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. आई-वडिलांसाठी असा अर्ज करण्याचा अधिकार फक्त नागरिकाला असतो आणि त्याचे वय २१ वर्षे पूर्ण झालेले असावे लागते. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला किंवा मुलीला तो करता येत नाही. नागरिकाच्या आई-वडिलांना इथला कायदा 'निकटचे नातेवाईक' मानतो आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांच्या वर्गात भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, त्या मानाने ही मोठीच सवलत आहे. मात्र या सवलतीला एक दुसरी बाजू आहे आणि ती अर्ज भरायला बसेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. या वर्गात एकाच्या अर्जावर दुसऱ्याला येता येत नाही. मराठीत आपण 'आई-बाबा' हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतो, कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोन स्वतंत्र अर्जदार होते. दोन आय-१३० अर्ज, दोन वेळा ५३५ डॉलर शुल्क आणि दोन वेगळे पावती क्रमांक, अशी सुरुवात झाली. (१ एप्रिल २०२४ पासून हे शुल्क कागदी अर्जाला ६७५ आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर झाले.) पुढची अडीच वर्षे या दोन फायली कधी एकमेकींच्या पुढे, कधी मागे धावत राहिल्या आणि त्यांना बरोबर ठेवणे हेच माझे मुख्य काम होऊन बसले.

हा निर्णय आम्ही सहज घेतला नव्हता. दोघांकडेही दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा होता आणि त्यावर ते दोनदा येऊन गेले होते. २०२१ च्या एप्रिल-मेमधल्या कोरोनाच्या लाटेत दोघेही एकाच आठवड्यात आजारी पडले. माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, एकटीने खाट, प्राणवायू आणि औषधे यांच्यामागे धावत होती आणि मी ओहायोत फोन हातात धरून बसलो होतो. ते बरे झाल्यावर ग्रीन कार्डाचा विषय मीच काढला. बाबा म्हणाले, "आम्हाला तिकडे राहायचंय की तुला आम्ही तिकडे हवे आहोत, हे आधी ठरव." मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिले ते प्रामाणिक होते असे आज मला वाटत नाही, पण आई म्हणाली, "कागद करून ठेवू, जायचं की नाही ते नंतर बघू," आणि तेवढ्यावर काम सुरू झाले.

ओळखीच्या अनेकांनी सल्ला दिला की त्यांना पर्यटक व्हिसावर बोलावून घ्यावे आणि इथेच अर्ज करावा, म्हणजे वाट पाहण्याचा काळ एकत्र तरी जाईल. आल्यानंतर खरोखरच विचार बदलला तर कायद्यात तशी वाट आहे. परंतु मनात राहण्याचा बेत असताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याला 'फिरायला आलो' असे सांगणे म्हणजे खोटे सांगणे, आणि ते मी नव्हे, माझ्या निवृत्त शिक्षक वडिलांनी सांगायचे होते. आम्ही मुंबईच्या वकिलातीतून जाण्याचा मार्ग निवडला. तो लांबचा आहे, पण मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पहिला धडा नात्याच्या पुराव्याचा होता. आईसाठी अर्ज करताना माझे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणि आईचे नाव असलेला माझा जन्मदाखला एवढेच लागते. बाबांसाठी मात्र त्याशिवाय त्यांच्या विवाहाचा दाखलाही द्यावा लागतो. जन्म दिला म्हणजे आई सिद्ध होते, वडील होण्यासाठी लग्न सिद्ध करावे लागते, असा तो हिशेब. आई-बाबांचे लग्न १९७४ साली झाले आणि त्या काळच्या बहुतेक लग्नांप्रमाणे त्याची कुठेही नोंद नव्हती. ट्रंकेच्या तळाशी एक लग्नपत्रिका सापडली, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले ते दोघे दिसतात असा एक कृष्णधवल फोटो सापडला. लग्न लावणारे भटजी मात्र केव्हाच वारले होते. लग्नाला हजर असलेले आणि अजून चालू-फिरू शकणारे साक्षीदार शोधण्यासाठी ताईने तीन गावांत फोन केले. अखेर मामा, बाबांचे एक चुलतभाऊ आणि शेजारच्या एक आजी अशा तिघांना घेऊन आई-बाबा विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेले. लग्नाला ४८ वर्षे झाल्यावर त्यांच्या हातात विवाहाचा दाखला पडला. त्यावर लग्नाची तारीख १९७४ ची आणि नोंदणीची २०२२ ची होती, आणि याच दोन तारखांनी आम्हाला पुढे अडवले.

आईच्या बाबतीत दुसरीच अडचण होती. आमच्या घरात सून आली की तिचे नाव बदलायची रीत होती, त्यामुळे आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे, तर पासपोर्टवर या तिन्हींपैकी काहीच नाही. लग्नाआधीची ती आणि नंतरची ती या एकच व्यक्ती आहेत हे सांगणारा एकमेव सरकारी कागद म्हणजे तोच नवा विवाहाचा दाखला. त्यात वधूचे आधीचे नाव लिहिलेले होते. म्हणजे जो कागद आईच्या अर्जासाठी मुळात लागत नव्हता, त्यावाचून पुढे तिचेही पान हलले नसते. दोघांचेही जन्मदाखले नव्हते. बाबांचा जन्म १९४८ चा, आईचा १९५३ चा, आणि दोन्ही गावांच्या जुन्या नोंदवह्यांत त्यांची नावे सापडली नाहीत. अशा वेळी 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला त्याच कार्यालयाकडून घ्यावा लागतो आणि त्याच्या जोडीला, जन्माची स्वतः माहिती असलेल्या वडीलधाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचा दाखला द्यावा लागतो. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या जन्माची स्वतः माहिती असलेला माणूस किमान पंच्याऐंशीचा असणार, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आले असेल का, असा प्रश्न मला पडला. बाबांची एक आत्या नव्वदीची होती. तिने अंगठा उमटवला आणि नोटरीला बाबांच्या बारशाची सगळी हकिगत ऐकवली, जी त्याने मागितलेली नव्हती.

२०२३ च्या जूनमध्ये आईचा अर्ज मंजूर झाला आणि त्याच आठवड्यात बाबांच्या फायलीत अधिक पुराव्याची मागणी करणारे पत्र आले. विवाहाची नोंद इतक्या उशिरा झालेली असल्याने लग्न त्या काळीच झाले होते याचे आणखी पुरावे द्या, अशी ती मागणी होती. उत्तरासाठी जास्तीत जास्त ८७ दिवस मिळतात आणि उत्तर एकदाच, सगळे एकत्र पाठवायचे असते. थोडे आज, थोडे उद्या असे चालत नाही. आम्ही लग्नपत्रिका आणि फोटो तर पाठवलेच, शिवाय बाबांच्या नोकरीच्या सेवापुस्तकाच्या ज्या पानावर १९७६ साली आईचे नाव पत्नी म्हणून लिहिले गेले होते त्या पानाची प्रत आणि एक जुनी शिधापत्रिकाही पाठवली. माझ्या समजुतीप्रमाणे ते सेवापुस्तकच कामाला आले, कारण ते या प्रकरणासाठी तयार केलेले नव्हते. जे कोणी या वाटेने जाणार असतील त्यांना मी एवढेच सांगेन की नव्या प्रतिज्ञापत्रांच्या मागे लागण्याआधी पेन्शनचे, विम्याचे आणि रेशनचे जुने कागद चाळावेत. ऑक्टोबरमध्ये बाबांचाही अर्ज मंजूर झाला.

मंजूर अर्ज न्यू हॅम्पशायरमधल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातात. आईची फाइल तिथे चार महिने आधीच पोहोचली होती आणि मी ती मुद्दाम पुढे सरकवली नाही. केंद्राशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही तर प्रकरण बंद होण्याची शक्यता असते, म्हणून अधूनमधून लॉगिन करून, एखादी चौकशी पाठवून मी ती जिवंत ठेवली. मग व्हिसा अर्जाचे माणशी ३२५ डॉलर आणि आर्थिक आधाराच्या प्रतिज्ञापत्राचे १२० डॉलर भरले. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांच्या बदल्या किती होतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या रात्रीची कल्पना येईल. बाबा एकेक गाव, शाळा आणि घरमालक आठवत होते आणि मी टंकत होतो. मला त्यातली निम्मी गावे ऐकूनही माहीत नव्हती.

आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे आय-८६४, हा या सगळ्यातला एकच कागद असा आहे की ज्यावर सही करण्यापूर्वी मी तो दोनदा संपूर्ण वाचला. नावाने प्रतिज्ञापत्र असले तरी तो सरकारशी केलेला करार आहे. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवावे लागते. आम्ही चौघे आणि ते दोघे मिळून सहा जणांसाठी २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ५२,४५० डॉलर होती. उत्पन्नाची अडचण नव्हती. मुदत मात्र विचार करायला लावणारी होती. ज्याच्यासाठी सही केली ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत ही जबाबदारी संपत नाही. आई-वडिलांना सांभाळीन असे लेखी देण्याची वेळ आपल्याकडे सहसा येत नाही आणि ते लिहून देताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. पत्नीने मात्र वेगळा आणि रास्त प्रश्न विचारला: "उद्या तुझी नोकरी गेली तर हे कोण बघणार?" त्या रात्री आम्ही घरखर्चाचा जो हिशेब मांडला तो अर्ज करण्याआधीच मांडायला हवा होता.

पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून विनासायास मिळाले. २०२४ च्या सप्टेंबरमधली मुलाखतीची तारीख मिळाली, दोघांची एकाच दिवशी, आणि तोवर सगळे सुरळीत झाले असे मी धरून चाललो होतो.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. ऑगस्टमध्ये ताई दोघांना घेऊन मुंबईला गेली. रक्त तपासले, छातीचा एक्स-रे काढला, फ्लूची आणि पासष्टच्या पुढच्यांना लागते ती न्यूमोनियाची लस दिली. आईला दुपारी मोकळे केले. बाबांना मात्र परत आत बोलावले, कारण एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण दिसत होता. तेव्हा बाबांनी डॉक्टरांना सांगितले, आणि ताईने ते पहिल्यांदाच ऐकले, की १९६८ साली कॉलेजच्या वसतिगृहात असताना त्यांना क्षयरोग झाला होता आणि स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने घेऊन ते बरे झाले होते. लग्न जमण्यात अडचण नको म्हणून घरच्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली आणि पुढे ती सांगायची राहूनच गेली. आईला ती माहीत होती की नाही हे मी अजून विचारलेले नाही. फोनवर बाबा म्हणाले, "छप्पन्न वर्षांपूर्वीचा खोकला अमेरिकेला कळला."

अशा वेळी तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी थुंकीचा नमुना घेतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि शिवाय त्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी कल्चरला ठेवतात. कल्चरचा अंतिम अहवाल यायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो आणि तो कोणालाही लवकर देता येत नाही. तीन दिवस दोघे दादरला एका नातेवाइकांकडे राहिले. यजमानांना काय सांगायचे, याचीच बाबांना अधिक काळजी होती. मुलाखत जवळ आली तरी अहवाल आलेला नव्हता, तरीही आम्ही तारीख बदलली नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत खिडकीपाशी उभ्यानेच झाली. उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ, मुले किती, अर्ज कोणी केला, तो तिथे काय करतो, त्याला शेवटचे केव्हा भेटलात, असे पाच-सहा साधे प्रश्न आणि दुभाष्यामार्फत मराठीत उत्तरे. ज्या विवाहाच्या दाखल्यासाठी एवढी धावपळ झाली तो अधिकाऱ्याने क्षणभर पाहिला आणि परत केला. आईला व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले. बाबांना वैद्यकीय अहवाल येईपर्यंत प्रकरण थांबवल्याची चिठ्ठी दिली; कायद्याच्या भाषेत ती तात्पुरती नामंजुरीच असते, आणि तो शब्द चिठ्ठीवर छापलेलाही असतो. तो वाचून आईने बाहेर येताच ताईला विचारले, "माझाही परत करता येतो का?"

आईचा व्हिसा तिच्या वैद्यकीय तपासणीपासून सहा महिने, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालणार होता. त्याआधी ती अमेरिकेत शिरली नाही तर तपासणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. मी तिला सुचवले की तिने पुढे यावे, बाबा मागून येतील. तिने 'नाही' असे म्हटले नाही. ती फक्त विषय बदलत राहिली. ऑक्टोबरच्या अखेरीस कल्चरचा अहवाल आला, जंतू नव्हते, आणि नोव्हेंबरमध्ये बाबांचाही व्हिसा मिळाला. जुन्या व्रणामुळे त्यांच्या तपासणीची मुदत मात्र सहा महिन्यांऐवजी तीनच महिने होती. आता घाई बाबांच्या फायलीला होती. नोव्हेंबर असल्याने पेन्शनसाठी हयातीचा दाखला तेवढा देऊन झाला, माणशी २३५ डॉलरचे कार्डाचे शुल्क मी भरले आणि जानेवारी २०२५ मध्ये, बाबांच्या मुदतीचे जेमतेम दोन आठवडे उरले असताना, दोघे शिकागोला उतरले. कार्डे टपालाने आली. आईचे चार आठवड्यांनी आणि बाबांचे सात. बाबांना स्थानिक आरोग्य विभागाने बोलावून पुन्हा एक्स-रे काढला. तिथल्या परिचारिकेने त्यांना इतक्या आदराने वागवले की ते पुढच्या तारखेची वाट पाहत होते. पण पुढची तारीख लागलीच नाही.

आता आरोग्यविम्याविषयी सांगतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. पासष्टच्या पुढच्यांना अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो असे आपण ऐकलेले असते. नव्याने आलेल्या आई-वडिलांना मात्र त्यासाठी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहावे लागते. त्यानंतरही त्यांनी इथे नोकरी केलेली नसल्याने मेडिकेअरच्या रुग्णालय-खर्चाच्या भागाचा पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो, जो २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता, आणि डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचे १८५ डॉलर वेगळे होते. गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही १९९६ च्या कायद्याने बहुतेकांना पाच वर्षांची अट घातलेली आहे. म्हणून मधली पाच वर्षे आरोग्यविम्याच्या सरकारी बाजारपेठेतून खासगी विमा घ्यावा लागतो. देशात आल्यापासून ६० दिवसांच्या आत तो घेता येतो आणि आधीच्या आजारांमुळे तो नाकारला जात नाही. पर्यटकांच्या विम्यात बाबांचा रक्तदाब आणि आईचा मधुमेह वगळलेला असे, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी फार मोठा होता. आमच्या हिशेबाप्रमाणे मेडिकेअरचे दार जानेवारी २०३० मध्ये उघडेल, तेव्हा बाबा ८१ वर्षांचे असतील.

पैशाची दुसरी बाजू भारतात आहे. ग्रीन कार्ड घेऊन इथे राहू लागलेला माणूस जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेला कर-विवरण द्यायला बांधील होतो. बाबांची पेन्शन, मुदतठेवींचे व्याज, सगळे त्यात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचे स्वतंत्र विवरण भरावे लागते. आयुष्यभर काटकसर केलेल्या शिक्षकाच्या ठेवी ही मर्यादा सहज ओलांडतात. भारतातली बचत खाती अनिवासी खात्यांत बदलून घ्यावी लागली आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत नवे पैसे गुंतवण्याचा मार्ग बंद झाला. हे कळले तेव्हा बाबा जेवढे नाराज झाले तेवढे ते क्षयाच्या तपासणीनेही झाले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती योजना ही निवृत्त माणसाची मिळकत नव्हती, प्रतिष्ठा होती.

नागरिकत्वासाठी पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण इंग्रजीच्या परीक्षेतून वयाची सवलत मिळायला पंचावन्नच्या पुढच्यांना ग्रीन कार्डावर पंधरा वर्षे काढावी लागतात. सत्तरी ओलांडून आलेल्यांनी त्या सवलतीचा विचार न केलेलाच बरा. आई इंग्रजी शिकते आहे. बाबांना इंग्रजी येते, पण त्यांना नागरिकत्व नको आहे.

त्यांना गावी जायचे आहे. दोघांनाही, आणि एक वर्षाहून अधिक काळ. सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर राहिले तर इथल्या सलग वास्तव्यावर प्रश्न उठतो आणि वर्षाच्या वर राहायचे तर निघण्यापूर्वी पुन्हा प्रवेशाचा परवाना मागावा लागतो. तो दोन वर्षांपर्यंत चालतो, मात्र अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. तिकडे जास्त राहिले तर मेडिकेअरची पाच वर्षेही लांबतील, हे मी दोघांना कागदावर मांडून दाखवले. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "अर्ज कधी भरायचा?" गेल्या महिन्यात माणशी ६३० डॉलर भरून मी दोन अर्ज पाठवले. बोटांचे ठसे द्यायला दोघांना बोलावले आहे. आईला मंगळवारी आणि बाबांना पुढच्या सोमवारी.